गिळलेला सेल म्हणजे गिळलेले नाणे नव्हे



म्हशीने वैरणीबरोबर तारेचा तुकडा गिळला तर पुढे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पहिले काही दिवस जनावर धडधाकट दिसते. मग चारा कमी होतो, रवंथ मंदावतो, दूध आटते, आणि गळ्याखाली सूज येते. तोपर्यंत तार पोटाच्या जाळीदार कप्प्यातून पुढे सरकून हृदयाच्या वेष्टनापर्यंत पोचलेली असते. ढोरांचा डॉक्टर तेव्हा मान हलवतो आणि म्हणतो, "आधी का नाही बोलावले?" आपण काय सांगणार? आधी काही दिसलेच नव्हते.

आजचा पाठ अशाच एका गिळलेल्या वस्तूविषयी आहे; मात्र तो जनावरांचा नाही, आपल्या लेकरांचा आहे. ती वस्तू म्हणजे बटणासारखा चपटा, चकचकीत सेल. तारेला म्हशीच्या पोटात इजा करायला काही दिवस किंवा आठवडे लागतात. या सेलला लहान मुलाच्या अन्ननलिकेत जखम करायला दोन तास पुरे होतात. सोनकच्छच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा दोन तासांचा हिशेब आधीच करून ठेवला पाहिजे, म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम सेलची ओळख करून घेऊ. जुन्या मनगटी घड्याळात आणि गणकयंत्रात शर्टाच्या बटणाएवढा सेल असे. तोही गिळला तर धोका आहेच, पण तो लहान असल्यामुळे बहुधा पोटात उतरतो. खरा वैरी त्याहून मोठा आहे: वीस मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे साधारण एखाद्या नाण्याएवढा, लिथियमचा सेल. त्याच्या पाठीवर सीआर २०३२, २०२५ किंवा २०१६ असा आकडा कोरलेला असतो. पहिले दोन अंक रुंदीचे आणि पुढचे दोन जाडीचे. २०३२ म्हणजे वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. बहुतेक लहान बटण-सेल दीड व्होल्टचे असतात, हा तीन व्होल्टचा. दुप्पट दाब आणि नेमकी घशात अडकेल अशी रुंदी, या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे तो इतका घातक झाला आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे १९८२ पासून गिळलेल्या सेलांची नोंद ठेवली जाते. त्या काळी काही सेलांमध्ये पारा असे, आणि पाऱ्याची विषबाधा होईल ही डॉक्टरांची मोठी चिंता होती. पुढे पाऱ्याचे सेल गेले, लिथियमचे आले, आणि धोका कमी होण्याऐवजी वाढला. डॉ. टोबी लिटोव्हिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली या नोंदी प्रसिद्ध केल्या. १९८५ ते २००९ या काळात, सेल गिळलेल्यांपैकी ज्यांना गंभीर इजा किंवा मृत्यू आला त्यांचे प्रमाण जवळजवळ पावणेसात पट झाले होते. लहान मुलांच्या हाती सेल कुठून आला, हेही त्यांनी तपासले. दहापैकी सहा वेळा तो वस्तूच्या आतून निघाला होता, आणि सुमारे तीन वेळा घरात सुटा पडलेला सापडला होता. म्हणजे दुकानातून आणलेले पाकीट कपाटात ठेवले की काम झाले, असे समजू नये.

आता आपल्या घरात पाहा. मी स्वतःच्या घरात एका रविवारी मोजायला बसलो, तेव्हा "आपल्याकडे कुठले आले असले सेल?" असे घरच्यांनी हसून विचारले. निघाले अकरा! पंख्याच्या रिमोटमध्ये, मोटारीच्या किल्लीत, साखर तपासण्याच्या यंत्रात, ताप मोजण्याच्या काडीत, लहान वजनकाट्यात, जत्रेत घेतलेल्या लाल प्रकाशाच्या पेनात, बटण दाबले की गाणे म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रात, आणि नाताळच्या गोठ्यात लावायला आणलेल्या सेलवरच्या छोट्या मेणबत्त्यांत. त्यातल्या दोन मेणबत्त्यांची बुडाची झाकणे माझ्या हातात नुसती निघून आली. आपण गोठा कुठे मांडतो? जमिनीवर किंवा ठेंगण्या चौरंगावर, मुलांना दिसावा म्हणून. रांगणाऱ्या पोराच्या नेमका हाताशी.

हा सेल घशात अडकल्यावर काय होते, ते नीट समजून घ्या. पुष्कळांना वाटते की सेल फुटतो, आतले रसायन सांडते आणि त्याने जळते. तसे नाही. सेल न फुटताच जखम करतो. अन्ननलिकेचे अस्तर ओले असते आणि ते सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसते. त्यामुळे विजेला वाट मिळते. वीज वाहू लागली की सेलच्या ऋण बाजूला लाळेतल्या पाण्यापासून दाहक क्षार तयार होऊ लागतो. साबण करताना वापरतात त्या कॉस्टिक सोड्याच्या जातीचाच. हा क्षार मांस विरघळवतो. आम्लाने भाजले तर वरवर खपली धरते आणि ती थोडीफार आड येते. क्षार मात्र आत आत उतरत जातो. पंधरा मिनिटांत सुरुवात होते, दोन तासांत खोल जखम होऊ शकते. सेल बाहेर काढल्यावरही खोलवर गेलेली जखम काही दिवस पसरत राहते.

ज्याला खरे वाटत नसेल त्याने घरी पाहावे. मटणाचा किंवा कोंबडीचा ओला तुकडा घ्या, त्यावर चिमूटभर हळद चोळा, आणि आकडे नसलेली, किंचित लहान बाजू खाली येईल असा एक सेल त्यावर ठेवा. वरून मांसाचा दुसरा ओला तुकडा असा ठेवा की सेलच्या दोन्ही बाजू मांसाला टेकतील. थोड्या वेळात कडेला फेस येऊ लागेल. तास-दीड तासाने उचलून पाहा. खालचे मांस काळपट आणि बुळबुळीत झालेले दिसेल, आणि भोवतीची हळद लाल झालेली असेल. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. क्षाराची ती खूण. हा प्रयोग मोठ्यांनी करावा, मुलांना दूर ठेवावे, आणि नंतर तो तुकडा कुत्र्यामांजराला न घालता पुरून टाकावा.

"सेल संपलेला होता, मग काय बिघडते?" असे कोणी म्हणेल. रिमोट चालत नाही म्हणून आपण ज्याला संपलेला म्हणतो, त्या सेलमध्येही इतकी शक्ती उरलेली असते की अन्ननलिकेत भोक पडावे. नवा सेल जास्त वाईट हे खरे, पण जुना निर्धोक नाही. आणि जुनेच सेल आपण खिडकीत, देवघराच्या फळीवर किंवा उकिरड्यावर टाकतो.

लहान मुलाच्या अन्ननलिकेत वस्तू अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एक घशाखाली लगेच, दुसरी छातीत जिथे हृदयातून निघालेली महाधमनी जवळून जाते तिथे, आणि तिसरी पोटाच्या तोंडाशी. पाच वर्षांखालील मुलाला वीस मिलिमीटरचा सेल यांपैकी कुठेही अडकू शकतो. मग इजा कुठे होणार, हे ऋण बाजूचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते. तोंड पुढे असेल तर श्वासनलिका जवळ असते. मधली भिंत विरघळून दोन्ही नळ्यांमध्ये वाट पडते आणि दूध प्यायले की ते फुप्फुसात जाते. आवाजाच्या शिरेला इजा झाली तर मूल घोगरे होते, त्याला श्वास घेणे कठीण जाते. तोंड मागे असेल तर मणक्याच्या हाडात जंतू शिरू शकतात, आणि महिन्याभराने मूल मान वाकडी धरू लागते. जखम भरली तरी व्रणाने नळी आकसते, मुलाला भाकरीचा घास गिळत नाही, आणि ती नळी रुंद करण्यासाठी पुन्हा पुन्हा रुग्णालयात न्यावे लागते.

सर्वांत भयंकर म्हणजे महाधमनीला भोक पडणे. सेल काढून मूल घरी आले, खेळू लागले, आणि मग दहा-पंधरा दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनीही, एकाएकी रक्ताची उलटी झाली, असे घडलेले आहे. मोठ्या रक्तस्रावापूर्वी पुष्कळदा थोडेसे रक्त इशारा म्हणून येते. लाळेत लाल धागा, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता निघावे. घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवावे, आजीलासुद्धा. कारण आई रानात असताना मूल तिच्याजवळ असते.

एक खरी घटना सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात २०२० सालच्या शरद ऋतूत दीड वर्षाची एक मुलगी आजारी पडली. घरघर, खोकला, नाक चोंदलेले. डॉक्टरांना वाटले मुलांना होतो तसला घशाचा आजार आहे. नंतर आईच्या ध्यानात आले की घरातल्या रिमोटमधला सेल जागेवर नाही. मुलीला तातडीने रुग्णालयात नेले, शस्त्रक्रिया झाली, सेल निघाला. पण अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्या मध्ये भोक पडलेले होते. डिसेंबरमध्ये ती गेली. तिचे नाव रीस. त्या आईने मग कायद्यासाठी घरोघर, सभांतून, सरकारदरबारी सांगत फिरणे पत्करले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत रीसच्या नावाने कायदा झाला: असे सेल असलेल्या घरगुती वस्तूंचे झाकण मुलांना उघडता येऊ नये. ऑस्ट्रेलियाने असाच नियम त्याच वर्षी जूनमध्ये लागू केला होता.

त्या घरात जे झाले तेच आपल्या घरातही होईल. मुलाला सेल गिळताना क्वचितच कोणी पाहते. आणि लक्षणे तरी कोणती? लाळ गळणे, खाणे नाकारणे, किंवा पातळ तेवढे घेणे आणि घट्ट नाकारणे. खोकला, उलटी, घरघर, ताप, छातीवर हात ठेवून रडणे. यांतले प्रत्येक लक्षण सर्दीतही दिसते, दात येतानाही दिसते. कित्येक मुलांना तर पहिले काही तास काहीच होत नाही. म्हणून घरात उघडे झाकण आणि रिकामे खोबण दिसले, सेल सापडत नाही आणि दोन-तीन वर्षांचे मूल आसपास होते, एवढा पुरावा पुरेसा मानावा. सेल शोधत पलंगाखाली तास घालवू नये. एकाने मुलाला घेऊन निघावे, मागे राहिलेल्याने शोधावे. सापडला तर फोन करता येतो.

आता रस्त्याचा हिशेब. सोनकच्छहून देवास तीसेक किलोमीटर आणि इंदूर सत्तरच्या आसपास. भोपाळ त्याहून पुष्कळ दूर. शिवारातल्या वस्तीवरून हमरस्त्याला लागेपर्यंत पावसाळ्यात अर्धा तास सहज जातो. दोन तास मोजायचे ते सेल गिळल्यापासून, आपल्याला कळल्यापासून नव्हे. म्हणजे घरातून निघतानाच घड्याळ बरेच पुढे गेलेले असते. साप चावला असता आपण जसे निघालो असतो, तसेच निघावे. १०८ ला फोन करावा. गाडी यायला उशीर आहे असे दिसले तर मिळेल त्या वाहनाने निघावे.

वाटेत जवळच्या दवाखान्यात थांबायचे का? आधी फोनवर दोनच गोष्टी विचाराव्यात: आत्ता एक्स-रे निघेल का, आणि लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने वस्तू काढणारा डॉक्टर आत्ता आहे का. पहिले असेल आणि दुसरे नसेल, तर एक्स-रे पटकन काढून पुढे निघावे. दोन्ही नसेल तर तिथे वेळ दवडू नये, सरळ देवासचे जिल्हा रुग्णालय किंवा इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, ज्याला आपण एमवाय म्हणतो, तिकडे जावे. मागे राहिलेल्या माणसाने पुढच्या रुग्णालयाला फोनवर कळवावे. ज्या वस्तूतून सेल गेला ती वस्तू, सेलचे पाकीट किंवा तसाच दुसरा सेल बरोबर न्यावा. डॉक्टरांना रुंदी आणि जात लगेच कळते.

दारातच स्पष्ट सांगावे, "मुलाने बटणाचा सेल गिळला असावा." "काहीतरी गिळले" असे सांगू नये. कारण एक्स-रेमध्ये सेल आणि नाणे दोन्ही गोल आणि पांढरे दिसतात. नीट पाहिले तर सेलच्या कडेला आत दुसरे वर्तुळ दिसते, आणि बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये त्याची कड पायरीसारखी दिसते. नाण्यासाठी कधी कधी काही तास थांबून पाहतात. अन्ननलिकेतल्या सेलसाठी थांबत नाहीत. आपण संशय बोलून दाखवला तर पाहणारा ते दुसरे वर्तुळ मुद्दाम शोधेल.

वाटेत काय द्यावे? जुनी माणसे केळी, भाताचा गोळा, एरंडेल सांगतील. नाण्याच्या बाबतीत ते पुष्कळदा खपून गेले, कारण नाणे आपोआपच उतरायचे होते. सेलला त्याचा उपयोग नाही, आणि पोट भरलेले असले तर भूल देताना अडचण होते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. पाय धरून उलटे टांगू नये. मूल गुदमरत असेल, आवाजच निघत नसेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा माराव्याच लागतात.

एक वस्तू मात्र द्यावी, आणि ती आपल्या घरात असते: मध. फिलाडेल्फिया आणि ओहायो येथील डॉक्टरांनी २०१८ साली डुकराच्या पिलांवर प्रयोग करून पाहिले. फळांचे रस, मध, पाक आणि सुक्रालफेट नावाचे अल्सरचे औषध यांची तुलना केली. मध आणि सुक्रालफेट यांनी जखम सर्वांत कमी झाली. मध घट्ट असल्याने सेलभोवती थर धरतो आणि किंचित आंबट असल्याने क्षाराचा जोर मोडतो. त्यावरून आता सांगतात की मूल एक वर्षावरचे असेल, गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्यावा, सहा वेळांपर्यंत. हा उपचार नव्हे. रस्त्यात जाणारा वेळ थोडा कमी घातक व्हावा, एवढेच. घरात मध नसेल तर तो आणायला दुकानात जाऊ नये. मूल ओकत असेल, ठसका लागत असेल तर बळेच घालू नये. आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधातल्या एका जंतूने तान्ह्यांना अंग लुळे पाडणारा आजार होतो. जन्मलेल्या बाळाच्या जिभेला मध लावायची चालही त्याच कारणाने सोडलेली बरी.

सेल पोटात उतरलेला असेल तर धोका बराच कमी होतो. पण मूल लहान आणि सेल मोठा असेल तर डॉक्टर काही दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. ती तारीख कांदा काढणीत किंवा सोयाबीनच्या सोंगणीत आली तरी चुकवू नये.

लहान सेल पोरे नाकात आणि कानातही घालतात. तिथेही तेच घडते, आणि काही तासांत नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडू शकते. अशा वेळी नाकात किंवा कानात कसलेही थेंब घालू नयेत. ओलाव्याने वीज जास्त वाहते. एका नाकपुडीतून काळपट, घाण वासाचा स्राव येत असेल तर सर्दी समजून बसू नये.

खबरदारी साधी आहे. स्क्रूने बंद होणारी वस्तूच घ्यावी, आणि स्क्रू हरवला असेल तर जाड चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि अशा खेळण्यात सेलचे झाकण हत्याराशिवाय निघू नये असा दंडक आहे. पण जत्रेतल्या टोपलीत ती खूण कोण शोधतो? शिवाय रिमोट, किल्ली, वजनकाटा ही खेळणी नव्हेत. नाताळची पेटी माळ्यावरून काढाल तेव्हा प्रत्येक मेणबत्तीचे बूड हाताने ओढून पाहा. सेल बदलताना मूल मांडीवर घेऊन बसू नका, आणि सेल दातात धरू नका. मुले आपलेच पाहून शिकतात.

संपलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावावी आणि तो झाकणाच्या डब्यात उंच ठेवावा. शहरात जाल तेव्हा जुने सेल घेणाऱ्या दुकानात द्यावा. उकिरड्यावर टाकू नये. आणि ज्या घरात आजोबांना कानाचे यंत्र आहे, तिथे त्याचे बारीक सेल औषधाच्या गोळ्यांशेजारी ठेवू नयेत. म्हाताऱ्या माणसांनी पहाटेच्या अंधारात गोळी समजून सेल पाण्याबरोबर घेतल्याचे प्रकार झालेले आहेत. सेलची डबी वेगळी, तीही घट्ट झाकणाची, आणि नातवाच्या हाताला न लागेल अशा जागी असावी.